बोलत नाही आणि बोलवत नाही

काही वर्षांपूर्वी एम. ए. भाग एकच्या अंतर्गत मूल्यमापनात आम्ही एका विद्यार्थिनीच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले. ती हजर होती. फळ्याशेजारी, आमच्यापासून चार हातांवर, टाचणांचे कागद हातात धरून ती जवळजवळ सहा मिनिटे उभी होती. ओठ हलले नाहीत. कागद मात्र थरथरत होते. वर्ग आधी वाट पाहत होता, मग मुले एकमेकांकडे पाहू लागली, मग मागच्या बाकावर कोणी तरी उगाच खोकले. आम्ही 'घाबरू नकोस, बोल' असे दोनदा म्हटले, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात म्हटले आणि शेवटी 'बस' म्हटले. तक्त्यात शून्य लिहावे तर 'सादरीकरण केले, पण अगदीच निकृष्ट केले' असा त्याचा अर्थ झाला असता. न झालेल्या सादरीकरणासाठी तक्त्यात एकच सोय होती. ती आम्ही वापरली.

त्याच सत्रातील लेखी चाचणीत 'लीळाचरित्रा'तील संवादांवर तिने लिहिलेले उत्तर वर्गात सर्वांत चांगले होते. आम्हांला आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला. एवढे जिला कळते तिने तोंड उघडायला काय हरकत होती, असा तो राग होता. बी. ए.च्या तीन वर्षांत हजेरीच्या वेळी तिच्या वतीने तिची मैत्रीण 'हजर' म्हणत असे, हे तेव्हा आठवले. त्या तीन वर्षांत त्यात वावगे असे काही आम्हांला वाटले नव्हते. पुढे कसल्याशा दाखल्यासाठी तिची आई महाविद्यालयात आली. बोलता बोलता ती म्हणाली, "घरी हिच्या तोंडाला खंड नाही, सर. धाकट्याला गोष्टी सांगते, टीव्हीवरच्या बायांच्या नकला करते. बालवाडीपासून शाळेत मात्र कधी बोललीच नाही. पहिलीच्या बाईंनी मुकी म्हणून नाव घातलं ते दहावीपर्यंत राहिलं."

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव आहे, हे आम्हांला त्यानंतर कळले. इंग्रजीत तिला 'सिलेक्टिव्ह म्यूटिझम' म्हणतात. मूल घरी, आपल्या माणसांत, मोकळेपणी बोलते. शाळेत किंवा परक्या माणसांत त्याचा आवाज पूर्ण थांबतो. हे महिनाभराहून अधिक काळ चालते (शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, तो सगळ्याच मुलांना अवघड जातो) आणि शिकण्यात, मैत्रीत अडथळा होऊ लागतो. बहुधा पाच वर्षांच्या आत याची सुरुवात होते. लक्षात येते ते मूल शाळेत गेल्यावर. मुलींत प्रमाण थोडे अधिक आढळते. किती मुले अशी असतात याचे आकडे अभ्यासागणिक बदलतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत शेकडा ०.०३ ते १ अशी व्याप्ती दिली आहे. वरची मर्यादा धरली तर पाचशे मुलांच्या शाळेत अशी पाच मुले निघतील. खालची धरली तर तीन-साडेतीन हजारांमागे एक. कोणतीही धरली तरी वीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाताखालून असे एखादे मूल गेलेच नसेल, हे अवघड दिसते.

मराठीत या अवस्थेला काय म्हणावे, हा प्रश्न आमच्या पेशाचा आहे म्हणून त्यापाशी थोडे थांबतो. यापुढचे बरेचसे बिघडणे किंवा सुधारणे या नावावर अवलंबून आहे, असे आमचे मत आहे.

मराठी व्याकरणात 'शक्य क्रियापद' नावाचा एक प्रकार आपण शाळेपासून शिकवतो. 'आजीला जिना चढवत नाही', 'तापात मला जेववत नाही', 'त्याच्याकडे आता बघवत नाही'. मूळ धातूला एक 'व' लागतो, कर्ता प्रथमेतून सरकून 'ला' प्रत्यय घेतो, आणि वाक्याचा सगळा भार बदलतो. 'आजी जिना चढत नाही' म्हटले की आजी हट्टी असू शकते. 'आजीला जिना चढवत नाही' म्हटले की आपण हात पुढे करतो. अनेक भाषांना जे सांगायला एक जादा सहायक क्रियापद लागते ते मराठी एका अक्षरात सांगते. असे असूनही शाळेच्या प्रगतिपुस्तकात, पालकसभेत, आमच्या तक्त्यात आपण सर्रास लिहितो ते 'ती बोलत नाही' हेच. 'तिला बोलवत नाही' असे आम्ही कोणत्याही शेऱ्यात आजवर वाचलेले नाही. (या दुसऱ्या वाक्याचा आणखी एक अर्थ होतो, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. तिला वाढदिवसाला कोणी बोलवत नाही. तोही अर्थ या मुलांच्या बाबतीत फार वेळा खरा असतो.)

आपले वाक्प्रचारही पाहावेत. मिठाची गुळणी धरणे, मूग गिळून बसणे, अबोला धरणे, मौन पाळणे. या सगळ्यांत न बोलणारा माणूस काही तरी करतो आहे: धरतो आहे, गिळतो आहे, पाळतो आहे. गप्प राहणे ही त्याची करणी आहे, आणि करणी म्हटली की जबाबदारी आली, मागोमाग शिक्षाही आली. याच्या उलट दातखीळ बसते, वाचा बसते, बोबडी वळते, घशाला कोरड पडते. इथे माणसाला काही तरी होते आहे. भाषेजवळ दोन्ही पेट्या तयार आहेत. मोठ्या माणसाला साहेबापुढे शब्द फुटला नाही तर आपण दुसरी पेटी उघडतो. सहा वर्षांच्या मुलीला बाईंपुढे शब्द फुटला नाही तर पहिली उघडतो. हे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

वैद्यकानेही हीच चूक शंभराहून अधिक वर्षे केली, हे समजल्यावर आम्हांला थोडा दिलासा मिळाला, हे कबूल करतो. आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७७ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करताना त्याला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ 'स्वेच्छेने आलेले वाचाहीनत्व' असा होतो. १९३४ मध्ये मोरिट्झ ट्रामर या स्विस बालमनोविकारतज्ज्ञाने 'इलेक्टिव्ह म्यूटिझम' म्हटले. म्हणजे मुलाने निवडलेले मुकेपण. अमेरिकन पुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत या मुलांचे लक्षण 'बोलण्यास सतत नकार' असे नोंदलेले होते. १९९४ च्या आवृत्तीत 'नकार' हा शब्द गेला आणि त्या जागी बोलता न येणे, बोलण्यात अपयश, अशा अर्थाचा शब्द आला. त्याच वेळी 'इलेक्टिव्ह'चे 'सिलेक्टिव्ह' झाले. २०१३ मध्ये ही अवस्था चिंताविकारांच्या वर्गात गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर 'इलेक्टिव्ह' हा शब्द २०२२ मध्ये नवी आवृत्ती लागू होईपर्यंत टिकून होता. दोन शब्दांतला फरक एवढाच की पहिल्यात मूल निवड करते, दुसऱ्यात प्रसंग निवडून बाधतात. तरी 'सिलेक्टिव्ह' या शब्दाला निवडीचा वास आहेच. म्हणूनच 'ऐच्छिक मौन', 'निवडक मूकत्व' अशी भाषांतरे मराठीत रुळू नयेत, असे आम्हांला वाटते. 'ऐच्छिक' तर साफ चूक आहे आणि 'मौन' या शब्दाला व्रताचे तेज चिकटलेले आहे. 'प्रसंगबद्ध वाचारोध' असा एक शब्द आम्ही आपसांत वापरतो. तो जड आहे, हे आम्हांला मान्य आहे. कोणी सुटसुटीत शब्द सुचवला तर आनंदाने स्वीकारू; अट एवढीच की त्यात इच्छा नसावी.

साहित्याच्या वाचकांची म्हणून आणखी एक अडचण आहे आणि ती जास्त खोल आहे. न बोलणारे पात्र दिसले की आपण त्याच्या मौनामागची कथा शोधू लागतो. हिला काय झाले असेल? कोणी काय केले असेल? ही सवय आपल्याला पुस्तकांनी लावली. माया अँजेलो यांचे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले, शिकवले आहे. लहानपणी झालेला अत्याचार, त्यानंतर त्या माणसाची हत्या, आपल्या शब्दानेच तो मेला ही त्या मुलीची समजूत, आणि मग भावाखेरीज इतरांशी जवळपास पाच वर्षे बंद झालेले बोलणे. हे मौन आघातातून आले होते. प्रसंगबद्ध वाचारोध असलेल्या बहुसंख्य मुलांच्या मागे असा आघात सापडत नाही. असतो तो बुजरा, पटकन बिचकणारा पिंड. पुष्कळदा आईबापांपैकी कोणी तरी तसेच असते. कधी उच्चाराची किंवा भाषेची बारीकशी अडचण जोडीला असते. एवढ्यावर ही गोष्ट संपते. वाचक म्हणून आपला विरस होतो. पण दडलेली जखम शोधण्याच्या भरात निरपराध आईबापांकडे संशयाने पाहिले जाते. आमच्या विद्यार्थिनीच्या आईला आम्ही विचारलेला पहिला प्रश्न 'लहानपणी काही घडलं होतं का?' हाच होता. तिचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही.

याच विषयावरचे आम्हांला अधिक खरे वाटलेले पान मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांच्या 'द वूमन वॉरियर' (१९७६) या पुस्तकात आहे. कॅलिफोर्नियातील चिनी स्थलांतरितांच्या वस्तीतली निवेदिका स्वतः शाळेची पहिली वर्षे गप्प होती आणि आपल्या चित्रांवर काळा रंग फासत होती. पुढे सहावीत असताना ती आपल्याहून गप्प असलेल्या एका मुलीला शाळेच्या प्रसाधनगृहात गाठते. गाल चिमटते, केस ओढते, धमकावते, लाच देते, शेवटी स्वतःच रडू लागते: एक शब्द बोल. ती मुलगी बोलत नाही. त्यानंतर निवेदिका अठरा महिने आजारी पडून राहते. तौलनिक साहित्याच्या तासाला हा प्रसंग शिकवताना आम्ही अस्मिता, स्थलांतर, स्त्रीचे दुहेरी मौन असे सगळे फळ्यावर लिहिले होते. दुसऱ्या बाकावर बसलेली आमची विद्यार्थिनी ते वहीत उतरवून घेत होती. मौनाला अर्थ देण्याचा आमचा उत्साह आणि मौनाला गुण न देण्याची आमची पद्धत यांत काही विसंगती आहे, असे त्या तासाला आमच्या मनातही आले नाही. असो.

आमच्यापैकी एकीची भाची याच वाटेने गेली, म्हणून उपायांविषयी थोडे जवळून सांगता येईल. बालवाडीची दोन वर्षे आणि पहिलीचे अर्धे वर्ष ती शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. एका बाईंनी 'पाणी' म्हटल्याशिवाय पाणी प्यायला जायचे नाही, असा नियम केला; परिणामी मुलीने शाळेत पाणी पिणे सोडले. दुसऱ्या बाई प्रेमळ होत्या. त्यांनी तिच्यासाठी सगळे खुणांवर चालवले. बोट वर म्हणजे पाणी, मान डावीकडे म्हणजे बाहेर जायचे. दोघींचा परिणाम सारखाच झाला, हे आम्हांला कळायला वेळ लागला. यामागची यंत्रणा अशी आहे. प्रश्न येतो, मूल गोठते, आजूबाजूचे अस्वस्थ होतात, कोणी तरी उत्तर देऊन टाकते, मुलाची भीती क्षणात उतरते. भीती उतरल्याचे ते सुख पुढच्या वेळच्या गप्पपणाला खतपाणी घालते. दटावल्याने भीती वाढते, सुटका केल्याने गप्पपणा पक्का होतो. दोन्हींच्या मधली वाट शोधावी लागते.

ती वाट ब्रिटनमधील मॅगी जॉन्सन आणि अ‍ॅलिसन विंटजेन्स या वाचा-उपचारतज्ज्ञांच्या २००१ च्या पुस्तिकेत सविस्तर आलेली आहे (२०१६ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली). भाचीच्या बाबतीत झाले ते असे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मुलगी सापशिडी खेळायला बसू लागल्या. दार लावलेले. मुलगी आईशी मोठ्याने बोलते आहे याची खात्री झाल्यावर बाई व्हरांड्यातून जाऊ लागल्या. मग दार किलकिले राहू लागले. मग बाई वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून वह्या तपासत बसल्या. पुढचे टेबल, मग शेजारचे, मग पटाशेजारी. बोलायचे काही नाही, फक्त फाशावर पडलेले दान मोजायचे: आई एक म्हणणार, मुलगी दोन म्हणणार, आणि एके दिवशी बाई तीन म्हणणार. मुलगी चार म्हणाली. या सगळ्याला सात आठवडे लागले. त्यानंतर एक मैत्रीण आत आली, मग दोन. मध्ये एक घोळ झालाच. भर वर्गात तिने प्रथम उत्तर दिले तेव्हा मुख्याध्यापकांनी कौतुकाने टाळ्या वाजवायला लावल्या आणि मुलगी पुढचे वीस दिवस पुन्हा गप्प झाली. पहिल्या शब्दाचा सोहळा करू नये, हे तज्ज्ञ आवर्जून सांगतात. आम्ही ते मुख्याध्यापकांना सांगायला विसरलो होतो.

वर्गातल्या काही गोष्टी तर कोणत्याही खर्चाविना होण्यासारख्या आहेत. मुलाकडे रोखून न पाहता शेजारी बसून बोलणे. 'हे काय आहे?' असे विचारण्याऐवजी 'अरे, याची शेपटी लांबच आहे' असे आपणच म्हणून जागा मोकळी सोडणे. विचारायचेच तर मानेने उत्तर देता येईल असे न विचारता 'लाल हवा की निळा?' असे विचारणे आणि मग पाच आकडे मनात मोजेपर्यंत थांबणे. हे थांबणे आम्हां शिक्षकांना सर्वांत जड जाते. लवकर, म्हणजे पाच-सहाव्या वर्षी, लक्ष दिले तर बहुतेकदा एवढ्यावर फरक पडू लागतो. वय वाढले, गप्पपणा मुरला, तर मानसोपचारतज्ज्ञाची आणि काही वेळा औषधांचीही गरज लागते.

इथे एक सावधगिरी. वर्गात न बोलणारे प्रत्येक मूल या व्याख्येत बसत नाही. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल पहिलीत प्रमाण मराठीपुढे गप्प बसते, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फिरणारे मूल दर काही महिन्यांनी नव्या शाळेत गप्प बसते, घरी मराठीखेरीज काही न ऐकलेले मूल इंग्रजी माध्यमात गप्प बसते. वर्गाची भाषा न येणे हे ज्या गप्पपणाचे कारण आहे तो या निदानातून स्पष्टपणे वगळलेला आहे. त्यावर उपचार मुलाचा करायचा नसतो, वर्गाचा करायचा असतो. मात्र दोन भाषांच्या घरांतल्या मुलांत प्रसंगबद्ध वाचारोधही अधिक आढळतो, त्यामुळे 'भाषा आली की बोलेल' म्हणून वर्षानुवर्षे थांबणेही बरोबर नाही. असे मूल आपल्या घरच्या भाषेत, आपल्याच भाषेच्या परक्या माणसाशी बोलते का, हे पाहिले की पुष्कळ उलगडा होतो.

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप आहे की अशा सवलती देत गेलो तर भाषेचा विद्यार्थी बोलायलाच शिकणार नाही. उद्या मुलाखतीत, वर्गावर, त्याला कोण सवलत देणार? आक्षेप खोटा नाही. या मुलांना कायमचे न बोलण्याचे अभय द्यावे, असे आम्ही म्हणत नाही; खुणांवर चालवणाऱ्या बाईंचे उदाहरण त्यासाठीच दिले. पण सभागृहात पन्नास जणांपुढे पंधरा मिनिटे ही पायरी शेवटची आहे, आणि आपण गुण द्यायला सुरुवातच तिथून करतो. त्याआधी घरी ध्वनिमुद्रित केलेले सादरीकरण, मग मैत्रीण सोबत असताना एका शिक्षकापुढे, मग दोघांपुढे, मग पाच-सहा जणांच्या गटात, अशा पायऱ्या ठेवल्या तर मूल्यमापन बाटत नाही. शालेय शिक्षणापुरता कायदा तर स्वच्छ आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई करते, आणि एकोणतिसावे कलम मूल भय व चिंता यांपासून मुक्त राहावे, त्याला मोकळेपणी व्यक्त होता यावे, हे मूल्यमापनाच्या पद्धतीतच धरायला सांगते. महाविद्यालयात हा कायदा येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ही अवस्था नावानिशी नाही, आणि तिथे वाचेच्या दिव्यांगत्वाची जी व्याख्या आहे ती शारीरिक किंवा मज्जासंस्थेतील कारणाने आलेल्या कायमच्या दोषापुरती आहे. त्यामुळे आमच्या विद्यार्थिनीसारखीने कोणत्या प्रमाणपत्राच्या आधारे काय मागावे, याचे उत्तर कार्यालयाजवळ नव्हते.

गेल्या वर्षी आम्ही वर सांगितलेल्या पायऱ्यांचा प्रस्ताव विभागाच्या बैठकीत मांडला. ध्वनिमुद्रणाला मान्यता मिळाली, बाकीचे पुढच्या बैठकीवर गेले. या सत्रात तीन विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रण दिले. त्यातल्या एका मुलाचा आवाज आम्ही दोन वर्षांत प्रथमच ऐकला. चांगला, जरा घोगरा आवाज आहे. जुन्या तक्त्यातली ती नोंद दुरुस्त करता येईल का, हेही आम्ही परीक्षा विभागात विचारून पाहिले. निकाल जाहीर झाल्यावर 'गैरहजर' शेऱ्यात बदल करायचा तर विद्यार्थी त्या दिवशी हजर होता याचा पुरावा लागतो, असे सांगण्यात आले. त्या दिवसाची हजेरी आम्ही घेतलीच नव्हती.